ओहम वेगळा, डेसिबल वेगळा: होम थिएटरचा रिसीव्हर घेण्याआधी

रत्नागिरी असो वा कुडाळ, होम थिएटर घ्यायला निघालेल्या माणसाला चार ओहमच्या स्पीकरबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, "नको, जड असतो, रिसीव्हर जाईल." (रिसीव्हर म्हणजे स्पीकरना वीज पुरवणारा ॲम्प्लिफायरचा डबा.) आणि दुसरा, "तोच घ्या, पॉवर डबल निघते." दोन्ही अर्धे खरे आहेत आणि दोन्हींमागचा घोटाळा एकच आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकावर ओहम आणि डेसिबल हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि स्पीकर चालवायला सोपा की कठीण हे आपण त्यातल्या पहिल्याच आकड्यावरून ठरवून मोकळे होतो.

ओहम म्हणजे इम्पीडन्स. रिसीव्हरने दिलेल्या व्होल्टेजला स्पीकर किती करंट ओढणार, एवढंच तो सांगतो. ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट. आवाज किती येईल याबद्दल त्याला काहीच म्हणायचं नसतं. ते काम सेन्सिटिव्हिटीचं, म्हणजे डेसिबलच्या आकड्याचं: ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर किती आवाज मिळतो. ट्रॉलर डिझेल किती खातो हा एक हिशेब, मासळी किती आणतो हा दुसरा. कमी डिझेल खाणारी होडी जास्त मासळी आणेलच, असं मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात कुणी म्हणणार नाही.

बीबीसीचा एलएस३/५ए हा याचा जुना पुरावा. १९७०च्या दशकात, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनसारख्या अडचणीच्या जागेसाठी बनवलेला हा छोटा मॉनिटर स्पीकर मूळचा १५ ओहमचा. नुसते ओहम बघणारा म्हणेल, हा कशावरही चालेल. पण सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबलच्या आसपास, त्यामुळे मोठ्या खोलीत त्याचा जीव लवकर संपतो. उलट टोकाला आपल्या देवळावरचा भोंगा घ्या. हॉर्नच्या रचनेमुळे त्याची सेन्सिटिव्हिटी शंभर डेसिबलच्या वर जाते, म्हणून लहानशा ॲम्प्लिफायरवर आरती खाडीपलीकडच्या वाडीतही ऐकू येते.

आता घरातलं गणित मांडू. बसायची जागा स्पीकरपासून तीन मीटर आहे आणि सिनेमातल्या धडाक्याला तिथे ९५ डेसिबल हवेत. मोकळ्या जागेत तीन मीटरवर साडेनऊ डेसिबल गळतात, म्हणजे एक मीटरवर १०४.५ हवेत. खोलीच्या भिंती यातलं थोडं परत देतात, पण ते तूर्त सोडून देऊ.

तिन्ही स्पीकरचे डेसिबल २.८३ व्होल्टला मोजलेले धरू (ही काय भानगड, ते पुढे येतंच). पहिला स्पीकर ८ ओहमचा, ८५ डेसिबलचा. त्याला २६.७ व्होल्ट लागतात, करंट ३.३ अँपिअर, पॉवर ८९ वॅट. दुसरा ४ ओहमचा, तोही ८५ डेसिबलचाच. व्होल्टेज तेवढंच, आवाजही तेवढाच, पण करंट ६.७ अँपिअर आणि पॉवर १७८ वॅट. "पॉवर डबल" म्हणणाऱ्याचं खरं ठरलं, फक्त ती डबल पॉवर तुमच्या कानापर्यंत आलीच नाही. तिसरा स्पीकर ४ ओहमचा, पण ९२ डेसिबलचा. त्याला १२ व्होल्टसुद्धा लागत नाहीत. करंट जेमतेम ३ अँपिअर, पॉवर ३६ वॅट.

पहिला आणि तिसरा पुन्हा शेजारी ठेवून बघा. चार ओहमचा स्पीकर आठ ओहमच्या स्पीकरपेक्षा कमी करंट घेतोय आणि आवाज तितकाच देतोय. "चार ओहम नको" हा सल्ला इथे साफ आपटतो. खरा कठीण आहे तो दुसरा: ओहमही कमी, डेसिबलही कमी. रिसीव्हर निवडताना घाम फुटावा तो अशा जोडीला.

डेसिबल वाचताना एक खाच आहे. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी एका वॅटला मोजून छापतात, पुष्कळ जण २.८३ व्होल्टला. आठ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, तिथे दोन्ही सारखंच. चार ओहमवर मात्र तेच २.८३ व्होल्ट २ वॅट होतात आणि आकडा आयता ३ डेसिबलने फुगतो. म्हणजे चार ओहमच्या स्पीकरवर २.८३ व्होल्टला ८८ लिहिलं असेल, तर एका वॅटला तो ८५चाच. कुणी फसवत नाही, आकड्यापुढे बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. आपण बारीक अक्षरं वाचत नाही एवढंच.

ओहमच्या आकड्यात तर याहून मोठी गोम आहे. छापलेला ओहम हा ढोबळ आकडा असतो. प्रत्यक्षात इम्पीडन्स प्रत्येक फ्रीक्वेन्सीला वेगळा असतो, कुठे २० ओहमच्या वर चढतो, कुठे खोल उतरतो. केफ कंपनीचा एलएस५० मेटा हा स्पीकर ८ ओहमचा आहे, पण किमान इम्पीडन्स ३.५ ओहम असल्याचं कंपनी स्वतःच सांगते. सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टला ८५. स्पीकर सुरेख, पण "आठ ओहम आहे, कुठलाही रिसीव्हर चालेल" म्हणून घेतलात तर मोठ्या आवाजाला रिसीव्हर गुदमरेल. याच्या उलट मॅग्नेपॅन कंपनीचे सपाट पॅनल स्पीकर: ४ ओहमचे, पण इम्पीडन्स जवळजवळ सरळ रेषेत, दऱ्या नाहीत. तिथे रिसीव्हरला करंट सतत द्यावा लागतो, पण अचानक खड्डा येत नाही. म्हणून दुकानात "किती ओहम?" याऐवजी "कमीत कमी किती ओहम?" असं विचारावं. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावं.

रिसीव्हरच्या खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडाही असाच तपासायचा. ६ ओहम, एक किलोहर्ट्झ, एकच चॅनल (म्हणजे एकाच स्पीकरची वाट) चालू आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड) अशा अटींवर मोजलेला आकडा मला तरी उपयोगाचा वाटत नाही. ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू आणि डिस्टॉर्शन एक टक्क्याहून पुष्कळ कमी, हा आकडा बघावा. डेनॉनचा एव्हीआर-एक्स३८००एच हा रिसीव्हर अशा मोजमापाने १०५ वॅटचा आहे. मात्र त्यात चॅनल नऊ आणि ट्रान्सफॉर्मर सगळ्यांत वाटलेला, त्यामुळे सगळे चॅनल एकदम वाजले तर प्रत्येकाला १०५ मिळत नाहीत. चार ओहम लावले की वॅट दुप्पट होण्याची कल्पनाही त्याच ट्रान्सफॉर्मरपाशी येऊन थांबते.

सेटिंगमध्ये इम्पीडन्सचा पर्याय दिसला की लोकांना वाटतं, इथे ४ किंवा ६ ओहम निवडलं की रिसीव्हर ताकद वाढवतो. बहुतेक ठिकाणी होतं उलट. तो आतलं व्होल्टेज किंवा आउटपुट खाली ओढतो, म्हणजे जास्त करंटमुळे होणारी उष्णता मर्यादेत राहते. सोय आहे सुरक्षिततेची, पण धडाक्याच्या प्रसंगी क्लिपिंग (ताकद संपून आवाज फाटणं) लवकर येतं. रिसीव्हर हवेशीर जागी असेल, तापत नसेल आणि मॅन्युअलमध्ये चार ओहम चालतात असं लिहिलेलं असेल, तर मी तो पर्याय आठ ओहमवरच ठेवतो.

हवेशीर जागा हा मुद्दा आपल्याकडे गंभीर आहे. कपाटात कोंबलेला रिसीव्हर, वर सेट टॉप बॉक्स, मागे चिऱ्याची भिंत आणि मे महिन्याचा उकाडा. कमी ओहमच्या स्पीकरवर करंट वाढतो, तसा आउटपुट ट्रान्झिस्टरचा तापही वाढतो, आणि ऐन क्लायमॅक्सला रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होऊन, गप्प बसतो. वर निदान वीतभर जागा मोकळी सोडा. झाकणाच्या जाळीवर पाल उबेला येऊन बसते, ती आत शिरली तर काय होतं ते रिपेअरवाल्याला विचारा.

कोकणातल्या घराचा खरा तडाखा डेसिबलच्या बाजूला बसतो. कौलारू घराला सिलिंग नसतं, माजघराचा आवाज वर आढ्यापर्यंत आणि बाहेर पडवीत जातो. खोली तीन मीटरची दिसली तरी भरायची असते अख्ख्या घराची हवा. त्यात पडवीच्या पत्र्यावर आषाढातला पाऊस कोसळत असला की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. सहा डेसिबल वाढवले की पॉवर चौपट लागते. वरच्या गणितातला पहिला स्पीकर ८९ वॅटवरून ३५६ वॅटवर जातो, तिसरा ३६ वरून १४४ वर. ३५६ वॅट कुठल्याही साध्या रिसीव्हरच्या आवाक्याबाहेर आहेत. १४४ वॅट, तेही क्षणभराच्या धडाक्यापुरते, चांगला रिसीव्हर चार ओहमवर देऊ शकतो. म्हणून अशा घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: ओहम चार असले तरी चालतील, डेसिबल नव्वदच्या खाली नकोत. फ्लॅटमधल्या बंद खोलीत दोन मीटरवर बसणाऱ्याने हे मनावर घ्यायची गरज नाही.

व्होल्टेजची धास्ती मात्र लोक उगाच जास्त घेतात. संध्याकाळी घरातल्या लाइनचं २३० व्होल्टचं १९० झालं, तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या रिसीव्हरची कमाल पॉवर साधारण ६८ टक्क्यांवर येते. ऐकायला भयंकर वाटतं, पण डेसिबलमध्ये हा फरक दोनचाही नाही. स्टॅबिलायझर घ्यायचाच, पण तो लाइट गेल्यावर परत येताना बसणाऱ्या झटक्यासाठी.

वायरीचं उलट आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर टाकली, तर जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स सुमारे ०.३४ ओहम होतो. आठ ओहमच्या स्पीकरला हे चार टक्के, चार ओहमच्याला आठ टक्के. २.५ची वायर घेतली की हाच आकडा ०.१४ वर येतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत उघड्या तांब्याचे पेड काळे-हिरवे पडतात. एका पावसाळ्यानंतर स्क्रू सैल करून बघा, टोकाला हिरवी पूड दिसेल. तेवढा भाग कापून नवीन टोक सोलायचं आणि घट्ट बसणारे बनाना प्लग (वायरीच्या टोकाला लावायच्या धातूच्या पिना) लावायचे. एका टर्मिनलवर दोन जोड्या लावायचा मोहही टाळा: आठ ओहमचे दोन समांतर जोडले की चार होतात, चारचे दोन जोडले की दोन, आणि दोन ओहम घरगुती रिसीव्हरचं काम नव्हे.

आणि कमी ओहम, कमी डेसिबलवाला तो दुसरा स्पीकर आधीच घरी आला असेल तर? आधी सेटिंगमध्ये त्याला 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर, म्हणजे बास वेगळा काढायची सीमा, ८० हर्ट्झला ठेवा आणि खालचा बास स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या सबवूफरकडे वळवा. सर्वांत जास्त पॉवर खाणारा भाग रिसीव्हरच्या डोक्यावरून उतरतो. इम्पीडन्सची दरी ८० हर्ट्झच्या वर असेल तर ती मात्र उरतेच. तेवढ्यानेही भागलं नाही, तर पुढच्या दोन चॅनलना वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर द्यावा लागतो आणि त्यासाठी रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारे सॉकेट) हवेत. स्वस्त मॉडेलांत ते बहुधा फक्त सबवूफरचे असतात, म्हणून ऑनलाइन मागवण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मोठा करून 'फ्रंट'च्या नावाने दोन सॉकेट आहेत का, ते डोळ्यांनी बघून घ्या. बारा-पंधरा किलोचं खोकं सावंतवाडीहून परत मुंबईला धाडण्याचा खर्च आणि मनस्ताप त्या फोटोत वाचतो.