छोट्या मोटारीची उंची वाढवण्यासाठी स्प्रिंगा बदलताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोसायटीच्या तळघरातील पार्किंगच्या उतारावर किंवा गल्लीतील गतिरोधकावर गाडीचा चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) घासतो, म्हणून गाडी "थोडी उचलून द्या", अशी मागणी घेऊन अनेक ग्राहक आमच्याकडे येतात. स्प्रिंगा बदलून गाडीची उंची वाढवता येते. परंतु ती किती वाढवावी, तिच्यापायी आणखी काय तपासावे लागते आणि काही गाड्यांच्या बाबतीत हे काम मुळात करूच का नये, याची कल्पना ग्राहकाला काम सोपवण्यापूर्वीच असावी, या हेतूने हे पत्रक छापले आहे.

गाडी घासते, याचा अर्थ ती बुटकी आहे असाच नव्हे. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. अल्टो ८०० या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २३६० मिलिमीटर आहे. अशा गतिरोधकाच्या मधोमध ती आली, की चारही चाके उंचवट्यावरच असतात आणि पोटाखालचा रस्ता चाकांच्या पातळीपेक्षा जेमतेम ४१ मिलिमीटर वर येतो. त्यामुळे १६० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांतील अंतर) असलेली ही गाडी तेथे घासण्याचे कारण नाही. आपल्याकडे रात्रीत उभे राहणारे हातभर रुंदीचे डांबरी वरवंटे मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये संपूर्ण मावतात, आणि त्यांची सगळीच्या सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. शिवाय कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा सहसा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि सामान भरल्यावर त्यातले बरेच मिलिमीटर आधीच खर्ची पडलेले असतात.

म्हणून गाडी आली, की आम्ही प्रथम ती सपाट फरशीवर उभी करून चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतो. जमिनीपासून मोजल्यास टायरमधील हवा आणि टायरची झीज यांमुळे आकडा बदलतो, म्हणून ही पद्धत. जुन्या गाडीच्या स्प्रिंगा वर्षानुवर्षे वजन पेलून बसलेल्या असतात, आणि बहुधा चालकाची बाजू थोडी अधिक बसलेली आढळते. अशा गाडीला मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा घातल्या, की तक्रार मिटते. तेथे जास्त उंचीच्या स्प्रिंगा विकण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. नंतर बसवलेल्या सीएनजी टाकीमुळे मागून बसलेल्या गाडीची गोष्ट निराळी आहे. टाकी आणि तिची चौकट मिळून डिकीत एक माणूस कायमचा बसल्यासारखेच असते. तेव्हा अशा गाडीला मागच्या बाजूस थोड्या कडक स्प्रिंगा देणे सयुक्तिक ठरते.

उंची कशी वाढते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पुढच्या एका स्प्रिंगवर २२० किलो भार आहे आणि ती स्प्रिंग दर २ किलोला १ मिलिमीटर दबते. म्हणजे एकूण ११० मिलिमीटर दबेल. तेवढ्याच लांबीची, पण दहा टक्के कडक स्प्रिंग घातली, तर ती १०० मिलिमीटर दबेल आणि गाडी १० मिलिमीटर वर राहील. दुसरा मार्ग कडकपणा तोच ठेवून लांबी वाढवण्याचा. येथे ग्राहकांनी एक लक्षात घ्यावे : स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे इतर मापे तीच असताना दहा टक्के जाड तारेची स्प्रिंग सुमारे ४६ टक्के अधिक कडक होते. "जाड तारेची, मजबूत" म्हणून अंदाजाने घेतलेली स्प्रिंग गाडी वर उचलते खरी. पण मूळ शॉक ॲब्सॉर्बरला तिची उसळी आवरत नाही आणि मागे बसणाऱ्यांचे हाल होतात.

आमची मर्यादा मूळ उंचीपेक्षा २५ मिलिमीटरची आहे, आणि बहुतेक गाड्यांना आम्ही १५ ते २० मिलिमीटरच सुचवतो. या मर्यादेमागे ठोस कारणे आहेत. शॉक ॲब्सॉर्बरची पूर्ण उघडलेली लांबी ठरलेली असते, त्यामुळे गाडी जितकी वर जाईल, तितकी चाकाला खड्ड्यात खाली उतरण्याची मुभा कमी होते. अशा वेळी शॉक ॲब्सॉर्बर टोकापर्यंत उघडून "टक" असा आवाज येतो. पुढच्या चाकांचे लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी खालून जोडणारे दांडे) खालच्या बाजूस अधिक कलतात, चाकांची कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असणे) ही मापे बदलतात, आणि एक्सलचे सांधे सतत तिरक्या कोनात फिरून लवकर झिजतात. काही गाड्यांत भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला असतो. मागची बाजू उचलली, की त्याला गाडी रिकामी भासते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तो व्हॉल्व्ह नव्याने जुळवल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही. गुरुत्वमध्य वर गेल्याने ताम्हिणी किंवा सिंहगडाच्या वळणांवर गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकते, ही गोष्ट मात्र कोणत्याही जुळवणीने जात नाही. तेथे वेग कमी ठेवणे हाच उपाय.

स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफर स्वस्त असतात आणि अर्ध्या तासात बसतात, पण आम्ही ते बसवत नाही. बफर घातलेला वेढा जवळपास काम करेनासा होतो, त्याचा भार उरलेल्या वेढ्यांवर पडतो आणि रबराखाली साचलेल्या वाळूने रंग घासला जाऊन तारेला गंज लागतो. स्प्रिंग तापवून ताणण्याचा प्रकार तर पूर्णपणे त्याज्य आहे, कारण त्यात पोलादाचे पाणीच उतरते. मोठ्या टायरचा मार्गही वाटतो तितका लाभाचा नाही : १४५/८० आर १२ ऐवजी १५५/८० आर १२ टायर घातल्यास व्यास १६ मिलिमीटरने वाढतो, गाडी मात्र ८ मिलिमीटरच वर येते, आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा सुमारे ३ टक्के कमी वेग दाखवू लागतो.

स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलल्या जातात. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीवघेणी ताकद असते, म्हणून स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरने ती पूर्ण आवळल्याखेरीज स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्या एकत्र जोडणीच्या) माथ्यावरील नट सैल केला जात नाही; हे काम घरी करू नये, ही विनंती. स्प्रिंगचे टोक बैठकीतील खाचेला टेकले आहे की नाही, हे ग्राहकाने स्वतः पाहिले तरी चालेल. स्ट्रटच्या माथ्यावरचे जुने रबरी माउंटिंग आणि बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबरी ठोकळा) फाटलेले असल्यास त्याच वेळी बदलावेत, कारण त्यासाठी पुन्हा तेवढीच मजुरी भरणे परवडत नाही. लोअर आर्मच्या बुशांचे (सांध्यातील रबरी नळ्यांचे) बोल्ट आम्ही गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच शेवटचे आवळतो. गाडी जॅकवर टांगलेली असताना ते आवळले, तर रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि काही महिन्यांतच चिरते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटच्या झोताची जुळवणी होते. नाना पेठेतून स्प्रिंगा आपण स्वतः आणल्यास आमची हरकत नाही. मात्र त्यांच्यावर भाग क्रमांक किंवा रंगाची खूण असावी, कारण एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगा बहुधा वेगळ्या असतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दुजोरा दिला आहे. ग्राउंड क्लिअरन्स प्रमाणपत्रावर छापलेला नसतो, म्हणून हवा तेवढा बदल चालतो, असा अर्थ कोणी काढू नये. वॉरंटीत असलेल्या गाडीचे काम आम्ही स्वीकारत नाही, आणि इतर ग्राहकांनी विमा कंपनीला बदलाची लेखी माहिती द्यावी. त्यासाठी लागणारे बिल भाग क्रमांकासह दिले जाईल.

गाडी सकाळी, डिकी रिकामी करून आणावी. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरांत थोड्या बसतात, म्हणून १००० किलोमीटर होण्यापूर्वी गाडी पुन्हा दाखवावी. त्या वेळचे मोजमाप आणि अलाइनमेंट यांचे वेगळे शुल्क घेतले जात नाही.