कॉसमॉस रात्र मोजतो

शेजारच्या काकूंनी परवा गच्चीत बोलावून घेतलं. जूनमध्ये पेरलेला कॉसमॉस त्यांच्या खांद्याला लागला होता, हिरवागार, पण सप्टेंबर सरत आला तरी एक कळी नाही. त्याच पाकिटातलं बी मी ऑगस्टमध्ये टाकलं होतं. माझी रोपं गुडघ्याएवढीच, पण कळ्यांनी भरलेली. दृष्ट लागली म्हणून काकूंच्या कुंडीला काळी बाहुली बांधून झाली होती, फुलांचं टॉनिकही दोनदा फवारून झालं होतं. मी वर पाहिलं. कुंडीच्या अगदी डोक्यावर रात्रभर जळणारा दिवा होता.

कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा. गुलाबी-पांढरा, शेपूसारख्या पानांचा तो बायपिनॅटस आणि पिवळा-केशरी तो सल्फ्युरियस. दोन्ही ‘आखूड दिवसाची’ झाडं. दिवस मोठा असला तरी ती उशिरा का होईना फुलतात, पण आखूड दिवसांत लवकर आणि भरभरून. पुण्यात जूनअखेरीस दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. एवढा फरक या झाडाला पुरतो.

हे गणित अमेरिकेतल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी 1920 साली मांडलं. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता, उन्हाळाभर वाढायचा पण फुलायचाच नाही. खत, पाणी, तापमान बदलून काही होईना. रोज दुपारीच रोपं अंधाऱ्या खोलीत ठेवली, तेव्हा मात्र फुलली. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर (कपड्यांना चिकटणारी काटेरी फळं देणारं ते तण) प्रयोग केले. दिवसा मधेच अंधार केला तर काही बिघडत नाही, पण लांब रात्रीच्या मध्यात काही मिनिटं उजेड पाडला की फुलणं थांबतं! म्हणजे नाव ‘आखूड दिवसाचं’ असलं तरी झाड मोजतं ती सलग रात्र.

मोजतं कसं, हा मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. पानांत फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं, त्याची दोन रूपं. 660 नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश पडला की ते दुसऱ्या, कार्यशील रूपात जातं. 730 च्या आसपासचा अतितांबडा प्रकाश त्याला परत आणतो, आणि नुसत्या अंधारातही ते रूप हळूहळू ओसरतं. शिवाय पेशींत साधारण 24 तासांचं जैविक घड्याळ चालू असतं. त्या घड्याळात मध्यरात्रीचा असा एक नाजूक काळ असतो, की तेव्हा कार्यशील फायटोक्रोम हजर असेल तर फुलण्याचा निरोप निघतच नाही. अंधार सलग असेल तर पानात एक छोटं प्रथिन तयार होतं, रसवाहिन्यांतून शेंड्याला पोचतं आणि पानाऐवजी कळी घडवायला लावतं. चैलाख्यान यांनी 1930 च्या दशकात या निरोप्याला ‘फ्लोरिजेन’ म्हटलं. तो हे प्रथिन आहे हे पक्कं व्हायला 2007 उजाडलं. पॉलीहाऊसमधले शेवंतीवाले याच युक्तीने रात्री दिवे लावून फुलं लांबवतात.

टॉनिक या घड्याळाला हात लावू शकत नाही. उलट नत्र जास्त झालं तर पालाच माजतो.

तेव्हा बी ऑगस्टमध्ये टाका, सेंटिमीटरभर खोल. साध्या निचऱ्याच्या मातीत आठवडाभरात उगवतं. वीतभर झाल्यावर शेंडा खुडा, फांद्या फुटतात. भरपूर ऊन, रात्री गडद अंधार. केशरी जातीचं बी मात्र टेकडीवर ‘शोभेसाठी’ उधळू नका. पुण्याच्या टेकड्यांवर आणि हमरस्त्यांच्या कडेला ती आधीच मोकाट पसरली आहे. अनेकजण तिला सोनकी समजून फोटो काढतात. सोनकी आपली, सह्याद्रीची, आणि तिची जागा हे पाहुणं बळकावतं.

काकूंनी ती कुंडी आता दिव्यापासून दूर, रात्री गडद अंधार असेल अशा कोपऱ्यात हलवायचं ठरवलंय. दुसरी कुंडी मी मुद्दाम दिव्याखालीच ठेवायला सांगितली आहे, म्हणजे फरक त्यांना स्वतःला दिसेल.