व्हेजिटाचे स्वभावाबाहेरचे वागणे

‘ड्रॅगन बॉल’ या जपानी मांगामधला, म्हणजे चित्रकथेतला, आणि त्यावरच्या ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, मालिकांमधला व्हेजिटा हा सैयान नावाच्या लढवय्या जमातीचा राजपुत्र. मोडेन पण वाकणार नाही, हा त्याचा बाणा. तरीही कथेत मोजक्या ठिकाणी तो रडतो, वैऱ्याला विनवण्या करतो, मुलाला कवटाळतो आणि एकदा तर भर मेजवानीत गाणे म्हणत नाचतो. हे प्रसंग म्हणजे लेखकाच्या हातून पात्र सुटल्याची खूण आहे की तेच पात्र आणखी उघडे होत गेले आहे, हा या नोंदीचा विषय.

अशा वागण्यासाठी जपानी चाहत्यांमध्ये दोन शब्द रूढ आहेत. ‘क्यारा होकाई’ म्हणजे पात्राचा स्वभाव कोसळणे. हा बहुधा तक्रारीचा शब्द. ‘ग्याप्पु मोए’ म्हणजे एरवीची प्रतिमा आणि अवचित दिसलेले रूप यांच्यातल्या अंतरामुळे त्या पात्राबद्दल वाटणारी ओढ, हा प्रेमाचा. व्हेजिटाच्या वाट्याला दोन्ही आले आहेत.

अकिरा तोरियामा (१९५५–२०२४) यांनी हे पात्र १९८८ मध्ये ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात आणले. सैयान हा शब्द ‘यासाई’, म्हणजे भाजीपाला, या जपानी शब्दाची अक्षरे उलटसुलट करून बनवलेला आहे आणि व्हेजिटा म्हणजे ‘व्हेजिटेबल’चा तुकडा. अंतराळातल्या सर्वांत ताठ राजपुत्राला तोरियामांनी बारशालाच भाजीचे नाव दिले, तेव्हा या ताठ्याच्या आत काहीतरी वेगळे दडले असणार याची चाहूल तिथेच लागते. ‘ड्रॅगन बॉल झेड’ (१९८९–१९९६) या मालिकेपासून त्याचा जपानी आवाज रयो होरिकावा यांचा.

पहिला मोठा प्रसंग नामेक ग्रहावरचा. फ्रीझा या क्रूर अंतराळसम्राटाने छातीतून आरपार किरण मारल्यावर मातीत पडलेला व्हेजिटा गोकूशी, म्हणजे पृथ्वीवर वाढलेल्या सैयान कथानायकाशी, बोलू लागतो. आपला ग्रह, आपले वडील, सगळी प्रजा फ्रीझाने संपवली आणि लहानपणापासून त्याच फ्रीझाची चाकरी आपण केली, हे सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. ज्याला तो आजवर हलक्या कुळाचा म्हणून हिणवत आला, त्या गोकूलाच तो विनवतो की फ्रीझाला मार, सैयानाच्या हातून त्याचा शेवट होऊ दे. गोकू त्याला पुरतो. या माणसाने आपल्याजवळ कधीच हात पसरला नसता, तेव्हा त्याच्या मनात केवढी सल असेल, हे गोकूला कळते. वाचकालाही ते तिथेच कळते.

यानंतर तो लगेच सुधारला, असे मात्र नाही, आणि तोरियामांचे खरे कसब इथेच आहे. जादूच्या ड्रॅगन बॉलांमुळे या कथेत मेलेले पुन्हा जिवंत होतात; तोही होतो, पृथ्वीवर गोकूची मैत्रीण बुल्मा हिच्या घरी राहू लागतो, पाठीवर ‘बॅडमॅन’ छापलेला गुलाबी शर्ट घालतो, त्यांना मूल होते, पण डॉ. गेरो या खलनायक शास्त्रज्ञाने बुल्माचे विमान पाडले तेव्हा आत ती आणि तान्हे बाळ असूनही तो जागचा हलत नाही. त्यांना वाचवतो तो भविष्यातून आलेला त्यांचाच मोठा मुलगा, ट्रंक्स. पुढे तगडा शत्रू मिळावा या हौसेपायी व्हेजिटा सेल या प्रयोगशाळेत घडवलेल्या राक्षसाला पूर्णत्वाला पोचू देतो. त्याच सेलच्या हातून हा ट्रंक्स मरतो, तेव्हा मात्र व्हेजिटा आगापिछा न पाहता सेलवर तुटून पडतो. आपल्यासाठी बाप असा पेटला होता, हे जिवंत झालेल्या ट्रंक्सला नंतर दुसऱ्याच्या तोंडून समजते. व्हेजिटा स्वतः एक शब्द काढत नाही.

बू या राक्षसाच्या प्रकरणापर्यंत ते तान्हे बाळ, म्हणजे वर्तमानातला ट्रंक्स, आठ वर्षांचे झालेले असते. ‘माझ्या तोंडावर एक तरी ठोसा मारून दाखव, मग तुला खेळण्याच्या बागेत नेतो,’ असे व्हेजिटा सरावात म्हणतो आणि पोरगा ठोसा मारून दाखवतो. बापलेकातला जिव्हाळा त्याला ठोशाच्याच भाषेत बोलता येतो. पण मग आपण मवाळ झालो या भीतीने तो बाबिडी या मांत्रिकाच्या जादूला मुद्दाम बळी पडतो आणि स्पर्धेला आलेल्या निरपराध प्रेक्षकांना मारतो. हे पाप कथा पुसून टाकत नाही. बूपुढे स्वतःचा स्फोट करण्याआधी तो ट्रंक्सला जवळ बोलावतो, तू तान्हा असल्यापासून तुला एकदाही कवेत घेतले नाही म्हणतो, मिठी मारतो आणि लगेच मानेवर फटका मारून त्याला बेशुद्ध करतो, म्हणजे मुलगा मागे थांबणार नाही. शेवटच्या लढाईत गोकूकडे पाहत ‘तूच पहिला’ अशी मनोमन कबुलीही तो देतो.

सर्वांत गाजलेला आणि सर्वांत जास्त वाद झालेला प्रसंग ‘ड्रॅगन बॉल झेड : बॅटल ऑफ गॉड्स’ (मार्च २०१३) या चित्रपटातला. एकोणचाळीस वर्षांच्या झोपेतून उठलेला संहारदेव बीरूस बुल्माच्या वाढदिवसाला येऊन बसतो. त्याला राग आला तर पृथ्वी उरणार नाही, हे जमलेल्यांत व्हेजिटाइतके कोणालाच ठाऊक नसते. लहानपणी याच बीरूसने राजाचे, म्हणजे त्याच्या वडिलांचे, डोके पायाखाली दाबलेले त्याने पाहिलेले असते. बीरूसचा पारा चढू लागतो आणि व्हेजिटा मंचावर जाऊन बिंगोचे गाणे सुरू करतो. ओढूनताणून आणलेले हसू, नाचणारे हातपाय, खाली अवाक झालेली मंडळी. होरिकावांच्या ज्या घशातून वर्षानुवर्षे गुरगुर ऐकली, त्यातून बालगीताचा सूर येतो. काही चाहत्यांना हा राजपुत्राचा अपमान वाटला. प्रस्तुत नोंदकाराला तसे वाटत नाही. या माणसाजवळ स्वाभिमानाखेरीज दुसरी दौलत नव्हती, आणि बायकोच्या वाढदिवसाला जमलेली माणसे जगावीत म्हणून ती त्याने चारचौघांत उधळली. मरण त्याने याआधीही पत्करले होते. हसे करून घेणे त्याला त्याहून जड होते.

पुढे पुडिंगवरून बीरूसचे बिनसतेच. बुल्मा बीरूसच्या थोबाडीत मारते, तो तिला उलट मारतो, आणि ‘माझ्या बुल्माला!’ अशी आरोळी ठोकून व्हेजिटा त्या देवावर धावून जातो. विमान पडताना ढिम्म राहिलेला हाच तो माणूस. मागचे ते विमान आठवत नसेल तर या आरोळीचे वजन कळत नाही.

निव्वळ गमतीचे प्रसंग यांपासून वेगळे ठेवायला हवेत. बूच्या पोटात अळ्या पाहून त्याची गाळण उडते, ती ॲनिमेने घातलेली भर आहे. ‘ड्रॅगन बॉल जीटी’ (१९९६–१९९७) ही मालिका मूळ मांगावर बेतलेली नाही. तिच्यात लेकीने नाक मुरडल्यावर तो मिशी उतरवतो. हे गोड आहे, पण तिथे त्याला काही गमवावे लागत नाही.

भारतात ही पात्रे कार्टून नेटवर्कवरून घरोघरी पोचली आणि अनेक मराठी मुलांनी व्हेजिटाला पहिल्यांदा ऐकले ते हिंदीत. ‘ड्रॅगन बॉल सुपर’ (२०१५–२०१८) मध्ये गोकू त्याला महास्पर्धेच्या सरावाला बोलावतो, तेव्हा बुल्माचे दिवस भरत आलेले असतात. बाळंतपण होईपर्यंत घर सोडणार नाही, असे व्हेजिटा त्याला तोंडावर सांगतो. सराव म्हटला की जेवण टाकून उठणारा गोकू गोंधळून जातो. आपल्या मुलांच्या जन्माच्या वेळी तो स्वतः घरी नव्हता.