टेप बॅकअप : सॉफ्टवेअर बसवणे आणि ड्रायव्हरला मंजुरी देणे

संगणकावरच्या माहितीची जादा प्रत चुंबकीय टेपवर घेणारे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणे आणि टेप ड्राइव्हशी बोलणाऱ्या त्याच्या ड्रायव्हरना ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काम करू देणे, अशी ही दोन टप्प्यांची क्रिया आहे. पहिला टप्पा इतर कोणतेही सॉफ्टवेअर टाकण्यासारखाच असतो. खोळंबा होतो तो दुसऱ्या टप्प्यात. ड्राइव्ह दिसत नाही म्हणून केबल बदलली जाते, ड्राइव्ह संगणकाला जोडणारे कार्ड काढून पुन्हा बसवले जाते, आणि शेवटी लक्षात येते की ड्रायव्हरला मंजुरीच दिलेली नव्हती.

टेप म्हटले की गाण्यांच्या कॅसेट आठवतात आणि हे तंत्र केव्हाच मागे पडले असावे असे वाटते. तसे झालेले नाही. १९५१ साली युनिव्हॅक संगणकाबरोबर आलेल्या युनिसर्व्हो यंत्रात धातूची फीत होती. पुढच्याच वर्षी आयबीएमने प्लास्टिकवर चुंबकीय लेप दिलेली फीत बाजारात आणली. आज मुख्यतः वापरात आहे ते एलटीओ हे मानक, एचपी, आयबीएम आणि सीगेट या तीन कंपन्यांनी मिळून ठरवलेले. २००० साली आलेल्या पहिल्या पिढीच्या कार्ट्रिजमध्ये १०० जीबी माहिती मावत होती, २०२१ मधल्या नवव्या पिढीत १८ टीबी मावते. या नवव्या पिढीच्या तळहाताएवढ्या कार्ट्रिजच्या पोटात अर्धा इंच रुंदीची १,०३५ मीटर फीत गुंडाळलेली असते.

टेपचे खरे बळ मात्र क्षमतेत नाही. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेली कार्ट्रिज कोणत्याही तारेला जोडलेली नसते, त्यामुळे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही आणि सॉफ्टवेअरमधली चूकही तिला पुसू शकत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये एका बगमुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांची पत्रे नाहीशी झाली. गूगलकडे त्या पत्रांच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये होत्या, पण बगचा फटका त्यांतल्या काही प्रतींनाही बसला. पत्रे परत आली ती टेपवरून. मुंबईतल्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओंत चित्रीकरणाचे मूळ फुटेज एलटीओवर उतरवून ठेवतात, तेही याच भरवशावर.

पेन ड्राइव्ह लावला की तो आपोआप उघडतो, मग टेपलाच वेगळा ड्रायव्हर कशाला? कारण टेपवर कुठेही उडी मारून पोहोचता येत नाही. ‘मागे गुंडाळ’, ‘तिसऱ्या खुणेपर्यंत पुढे जा’, ‘आता लिही’, ‘इथे खूण कर’ अशा आज्ञा क्रमाने द्याव्या लागतात. त्या स्कझी या, साठवणीच्या उपकरणांशी बोलण्याच्या ठरलेल्या भाषेतल्या असतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये ही भाषा जाणणारा ‘एसटी’ नावाचा ड्रायव्हर फार पूर्वीपासून आहे. विंडोजमध्ये टेपचा सामान्य पाया असतो, त्यावर ड्राइव्हच्या कंपनीचा ड्रायव्हर बसतो. पूर्वी विंडोजसोबत मिळणारा एनटीबॅकअप हा प्रोग्रॅम थेट टेपवर लिहायचा. विंडोज सर्व्हर २००८ पासून आलेल्या नव्या बॅकअप सोयीत टेपला जागाच ठेवली नाही, म्हणून बाहेरचे सॉफ्टवेअर घेणे भाग पडले. मॅकवर तर सगळेच बाहेरून आणावे लागते. मॅकला एसएएस पोर्ट, म्हणजे टेप ड्राइव्हची केबल लावायची जागा, नसते, म्हणून मध्ये थंडरबोल्टचा ॲडॅप्टर येतो आणि त्याचा स्वतःचा ड्रायव्हर येतो. टेपवरच्या फायली फोल्डरसारख्या दाखवणारी एलटीएफएस ही पद्धत २०१० मध्ये पाचव्या पिढीबरोबर आली. मॅकवर तिला फ्यूज नावाचा, अशी परकी पद्धत सिस्टिमला जोडून देणारा आणखी एक थर लागतो. असे दोन-तीन परके तुकडे एकाच कर्नलशी जोडायचे असतात.

कर्नलमध्ये चालणाऱ्या कोडला जवळपास सगळे अधिकार असतात आणि तिथली एक चूक अख्खे मशीन बंद पाडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा सदोष अपडेट गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. ड्रायव्हरवर कंपनीची डिजिटल सही असली म्हणजे झाले, असेही नाही. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट व्हायरसचे ड्रायव्हर रिअलटेक आणि जेमायक्रॉन यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी सही केलेले होते. म्हणूनच सही तपासून झाल्यावरही मशीनसमोर बसलेल्या माणसाची संमती घेण्याची पद्धत रुजली. कामात हा अडथळा वाटतो हे खरे, पण तो योग्य जागी आहे.

ॲपलने ही संमती मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०१७ मधल्या हाय सिएरा या आवृत्तीपासून सक्तीची केली. इन्स्टॉलर संपता संपता ‘सिस्टिम एक्स्टेन्शन ब्लॉक्ड’ अशी खिडकी येते. घाईत ओके दाबून ती बंद केली जाते आणि तिथेच गाडी अडते. त्या ओकेने मंजुरी मिळत नाही. सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात जाऊन, कंपनीचे नाव वाचून ‘अलाऊ’ दाबावे लागते. हाय सिएरामध्ये हे बटण इशाऱ्यानंतर फक्त तीस मिनिटे दिसत असे. वेळ टळली तर ड्रायव्हर पुन्हा लोड करायचा प्रयत्न करावा, बटण परत येते, पण इशाऱ्याची खिडकी दुसऱ्यांदा येत नाही. मोठ्या संस्थांत शंभर मॅकवर कोणी हाताने बटण दाबत बसत नाही. तिथे सगळी मशीन एका जागेवरून सांभाळणाऱ्या एमडीएम व्यवस्थेतून कंपनीच्या दहा अक्षरी टीम आयडीला आधीच मंजुरी देऊन ठेवतात.

ॲपल सिलिकॉनच्या, म्हणजे ॲपलची स्वतःची चिप असलेल्या, मॅकवर वाट अजून लांब आहे. मॅक बंद करायचा, पॉवर बटण दाबून धरायचे, ‘ऑप्शन्स’मधून रिकव्हरीत शिरायचे, स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी उघडून ‘रिड्यूस्ड सिक्युरिटी’ निवडायची आणि ओळख पटलेल्या डेव्हलपरची कर्नल एक्स्टेन्शन, म्हणजे कर्नलमध्ये बसणारे ड्रायव्हर, चालू देण्याच्या चौकटीत खूण करायची. मग रीस्टार्ट, मग ‘अलाऊ’, आणि पुन्हा रीस्टार्ट. ‘रिड्यूस्ड’ हा शब्द वाचून हात थबकतो, आणि थबकावाच. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि घरचे सगळे फोटो आहेत त्यावर हे करण्यापेक्षा टेपसाठी वेगळे मशीन ठेवणे शहाणपणाचे. २०१९ मध्ये कॅटालिनाबरोबर आलेल्या ड्रायव्हरकिटमुळे कर्नलबाहेर राहून चालणारे ड्रायव्हर लिहिता येऊ लागले. असा ड्रायव्हर मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण त्यासाठी सुरक्षा उतरवावी लागत नाही.

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडून ड्राइव्हच्या नावावर पिवळे चिन्ह आहे का ते पाहायचे. कोड ५२ दिसला तर सही पटलेली नाही असा त्याचा अर्थ. अशा वेळी सही-तपासणी बंद करून ड्रायव्हर रेटण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो मानू नये. कंपनीकडून नवा ड्रायव्हर आणावा. ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही कर्नल जपणारी विंडोजची सोय चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर सही असूनही अडतात. लिनक्सवर सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय, चालू असताना बाहेरचे मोड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) टाकायचे तर आपली सहीची किल्ली नोंदवावी लागते आणि पुढच्या बूटला येणाऱ्या निळ्या पडद्यावर पासवर्ड देऊन ती पक्की करावी लागते.

लिनक्सवरचा एक बारकावा मोलाचा आहे. तिथे एकाच ड्राइव्हला दोन नावे असतात, ‘एसटी’ आणि ‘एनएसटी’. पहिल्या नावाने काम केले की ते संपताच फीत आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने केले की ती आहे तिथेच थांबते. सोमवारचा बॅकअप ‘एसटी’वर घेतला आणि मंगळवारचाही, तर मंगळवार सोमवारच्या डोक्यावर लिहिला जातो. कोणतीही चूक दाखवली जात नाही, दोन्ही दिवशी काम यशस्वी झाल्याचाच निरोप येतो.

क्रमही महत्त्वाचा. आधी कार्डाचा किंवा ॲडॅप्टरचा ड्रायव्हर टाकून त्याला मंजुरी द्यावी आणि मशीन रीस्टार्ट करावे. सिस्टिमला ड्राइव्ह दिसतो याची खात्री झाल्यावरच एलटीएफएस आणि बॅकअप सॉफ्टवेअरकडे वळावे. सगळे एकदम टाकले तर कुठे अडले ते शोधण्यात दिवस जातो. मॅकवर आणखी एक परवानगी राहून जाते, ‘फुल डिस्क ॲक्सेस’. २०१८ च्या मोहावेपासून ती न दिल्यास मेलसारखे काही फोल्डर सॉफ्टवेअरला वाचताच येत नाहीत. बॅकअप पूर्ण झालेला दिसतो, आणि आत पत्रे नसतात.

सगळ्या मंजुऱ्या झाल्या की चाचणी. नवव्या पिढीची कोरी कार्ट्रिज पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची मोजणी करतो, त्याला सरासरी चाळीस मिनिटे आणि कधी दोन तासही लागतात. यंत्र अडकले असे समजून वीज बंद करू नये. नंतर काही जीबी लिहून त्या फायली दुसऱ्या फोल्डरमध्ये परत आणाव्यात आणि दोन्हींचे चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळवून पाहावेत. ही पायरी गाळून ‘बॅकअप आहे’ असे म्हणता येत नाही. लिहिताना ड्राइव्हकडे कान द्यावा. सलग घरघर म्हणजे माहिती पुरेशा वेगाने येते आहे. घरघर थांबून फीत मागे आल्याचा आणि पुन्हा पुढे गेल्याचा आवाज वारंवार येत असेल तर डिस्क मागे पडते आहे. पूर्ण आकाराच्या एलटीओ-९ ड्राइव्हला सेकंदाला ४०० एमबीपर्यंत माहिती हवी असते, साध्या हार्ड डिस्कला ते झेपत नाही. या पुढे-मागे होण्याने वेळ तर जातोच, फीतही झिजते.

भरलेली कार्ट्रिज दीर्घकाळ ठेवायची तर १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता असावी असे उत्पादक सांगतात. कोकणपट्टीत जुलै महिन्यात साध्या खोलीतली हवा ही मर्यादा सहज ओलांडते, म्हणून तिथे आर्द्रता आवरणारे कपाट किंवा खोली लागतेच.

पिढ्यांचा हिशेबही ठेवावा लागतो. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या कार्ट्रिज वाचत. आठव्या आणि नवव्या पिढीचे ड्राइव्ह फक्त एकच पिढी मागचे वाचतात, म्हणजे सहाव्या पिढीची टेप आठव्या ड्राइव्हमध्ये चालत नाही. शिवाय जुन्या ड्राइव्हचा ड्रायव्हर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेलच असे नाही. म्हणून जुना ड्राइव्ह जपताना त्याच्याशी जमलेला संगणकही अपडेट न करता, नेटवर्कपासून दूर, त्याच्याच शेजारी ठेवावा. कार्ड, ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्या आवृत्त्या कागदावर लिहून त्या मशीनवर चिकटवाव्यात आणि इन्स्टॉलरची प्रतही सोबत ठेवावी.