लॉट मोठा, तिकीट छोटं: एफ अँड ओच्या नियमांची पार्श्वभूमी

किरकोळ गुंतवणूकदाराला गुंतागुंतीच्या साधनांपासून लांब ठेवायचं तर आपल्याकडे एकच उपाय पुन्हापुन्हा निघतो: किमान रक्कम वाढवा. पीएमएसची, म्हणजे ग्राहकाचा पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्या सेवेची, अट 25 लाखांवरून 50 लाखांवर गेली. येस बँकेचे 8,415 कोटींचे एटी-1 बाँड (बँक अडचणीत आली तर रद्द होऊ शकणारे बाँड) मार्च 2020 मध्ये शून्य झाले, आणि त्याच वर्षी अशा बाँडचा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यायचा किमान गठ्ठा, 1 कोटीचा झाला. वायदेबाजारात, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये (एफ अँड ओ), मात्र हा उपाय निम्माच लागू पडतो.

निर्देशांकाचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचा सौदा आज ठरलेल्या भावाने करण्याचा करार) जून 2000 मध्ये आले, ऑप्शन्स (तसा सौदा करण्याचा नुसता हक्क, खरेदीदारावर बंधन नाही) त्यानंतर वर्षभराने. सौदा 2 लाखांपेक्षा लहान नसावा, असं संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने या सौद्यांना वाट देणाऱ्या कायदादुरुस्तीच्या वेळीच सुचवलं होतं. 2015 मध्ये ही रक्कम 5 लाख झाली. फ्युचर्स घेणारा किंवा ऑप्शन विकणारा सौद्याच्या पूर्ण मूल्याच्या हिशेबाने मार्जिन (अनामत) भरतो, त्यामुळे त्याला ही भिंत आडवी येते. ऑप्शन विकत घेणारा फक्त प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, भरतो. त्याच्यासाठी भिंतीला खिडकी आहेच.

ती खिडकी सताड उघडली साप्ताहिक ऑप्शन्सनी: 2016 मध्ये बँक निफ्टी, 2019 मध्ये निफ्टी, आणि पुढे तर आठवड्याच्या प्रत्येक दिवशी कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाची एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस. मुदत जितकी कमी, तितका प्रीमियम कमी. एक्स्पायरीच्या दुपारी बाजारभावापासून लांबच्या स्ट्राइकचे (करारात ठरलेल्या भावाचे) कवडीमोल ‘झीरो टू हीरो’ सौदे चालतात ते यावरच.

बाजार नियामक सेबीच्या पाहणीत 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींवर. जुलै 2024 मध्ये सल्लामसलतीचा मसुदा आला आणि 1 ऑक्टोबरला सहा उपायांचं परिपत्रक. त्यातले मुख्य: एका एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी, एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शन विकणाऱ्याला 2 टक्के जादा मार्जिन, खरेदीदाराकडून प्रीमियम आगाऊ, आणि सौद्याचं किमान मूल्य 15 लाख. यातला खरा घाव पहिला. आठवड्यातल्या पाच एक्स्पायऱ्या दोनवर आल्या.

लॉटचा हिशेब करून पाहा. निफ्टी 24,000 वर असताना 25 च्या लॉटचा सौदा 6 लाखांचा होता, 75 च्या लॉटने तो 18 लाखांचा झाला. पण 4 रुपये प्रीमियमचा कॉल (खरेदीचा हक्क देणारा ऑप्शन) आधी 100 रुपयांत मिळायचा, 75 च्या लॉटने 300 रुपयांत. ऑर्डरमागे सरसकट 20 रुपये दलाली धरली तर येताजाता 40, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 47 रुपये. इतर शुल्कं सोडूनही प्रीमियम 16 टक्के चढल्याशिवाय खर्चसुद्धा निघत नाही.

2024-25 मध्येही 91 टक्के तोट्यातच राहिले.

दुसरा मार्ग कधीच सुचला नव्हता असं नाही. मार्च 2018 मध्ये सेबीच्या मंडळाने आयकर विवरणपत्रातल्या उत्पन्नावरून एक्स्पोजरची (किती रकमेचे सौदे करता येतील याची) मर्यादा काढण्याची, आणि त्यापुढे जायचं असेल तर ब्रोकरने कसून तपासणी करण्याची चौकट मंजूर केली होती. 2024 च्या सहा उपायांत ती नाही. आज एफ अँड ओ सेगमेंट सुरू करताना सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट किंवा पगारपत्रक असा काही उत्पन्नाचा पुरावा अपलोड करावा लागतो. सेगमेंट एकदा सुरू झाला की त्या कागदावरच्या आकड्याचा सौद्याच्या आकाराशी संबंध उरत नाही.