परीक्षण, समीक्षा, रसग्रहण : शुक्रवारच्या चित्रपटलेखनामागचा इतिहास

मराठीतल्या चित्रपटविषयक लेखनाचा दर्जा घसरला, ही तक्रार गेली दहा-पंधरा वर्षं सतत कानावर येते. बोट बहुतेक वेळा लिहिणाऱ्यांकडे रोखलेलं असतं : अभ्यास नाही, भाषा नाही, निर्मात्याच्या पंगतीला जेवून आलेले आहेत. यातलं काही खरं आहे. पण या लेखनाचा साचा कुठून आला, त्याला नाव काय पडलं आणि त्याचा वेळ कशाने आखडला, हे न पाहता केलेली दर्जाची चर्चा त्याच त्या जागी फिरत राहते.

मूकपट आणि सुरुवातीचे बोलपट यांच्यावरचं लेखन इथे बाजूला ठेवू. हितसंबंधांचा प्रश्न मात्र आजचा नाही, एवढं नोंदवायला हवं. १९३५ साली मुंबईतून सुरू झालेल्या एका इंग्रजी सिनेमासिकाच्या मराठी संपादकाच्या लेखणीचा धाक स्टुडिओंना होता. १९४०च्या दशकात त्याच संपादकाने स्वतः चित्रपटही काढले. तोलणारा आणि विकणारा एकच असण्याची गोष्ट इतकी जुनी आहे.

मराठी दैनिकांतल्या चित्रपट परीक्षणाचा सांगाडा नाट्यपरीक्षणातून आला. आधी कथानक, मग प्रमुख भूमिका, मग दुय्यम भूमिका, संगीत, आणि शेवटी नेपथ्य व प्रकाशयोजना यांना एकेक वाक्य. नाटकासाठी हा क्रम ठीक होता, कारण संहिता आणि नट हाच तिथला गाभा. चित्रपटात मात्र गाभ्याच्याच गोष्टी शेवटच्या परिच्छेदात ढकलल्या गेल्या. कॅमेरा कुठे ठेवला, शॉट किती वेळ धरला, कट कुठे केला, आवाज आधी आला की चित्र, हे सगळं ‘तांत्रिक बाजू’ या एका खोक्यात गेलं. आजही चारशे शब्दांच्या परीक्षणात दीड-दोनशे शब्द कथेला, शंभर-सव्वाशे अभिनयाला जातात आणि उरलेल्या जागेत ‘छायाचित्रण नेत्रसुखद, संकलन नेटकं’ असं म्हणून सुटका करून घेतली जाते. दिग्दर्शकाने प्रत्यक्ष काय केलं, हे त्या चारशे शब्दांत कुठेच येत नाही.

शब्दांचा गुंता इथूनच सुरू होतो. आपल्याकडे या कामाला निदान चार शब्द आहेत आणि चारही कुठे ना कुठे घसरले आहेत.

सगळ्यात जुना शब्द टीका. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. तिथे टीका म्हणजे मूळ ग्रंथ उलगडणारं, त्यात भर घालणारं भाष्य. आज ‘चित्रपटावर टीका झाली’ म्हटलं की झोडपलं एवढाच अर्थ उरतो. उलगडून सांगण्याचा सुंदर शब्द आपण भांडणाच्या कामाला लावून बसलो आहोत.

परीक्षण आणि समीक्षा यांचा धातू एकच, ईक्ष्, म्हणजे पाहणे. परि लागला की सभोवार पाहणे, सम् लागला की नीट, पूर्णपणे पाहणे. म्हणजे दोन्ही शब्द मुळात पाहण्याचेच आहेत. पण परीक्षण रोजच्या वापरात परीक्षेच्या शेजारी जाऊन बसलं. परीक्षक आला, उत्तरपत्रिका आली, गुण आले. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य सरकारकडून मिळणारं अनुदान घ्या. तिथे खरोखरच परीक्षण समिती असते, ती चित्रपट पाहून गुण देते आणि त्यावर दर्जा ठरतो. अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये असा हिशेब होता. त्या समितीचं काम परीक्षणाचंच आहे आणि तिथे तो शब्द चपखल बसतो. अडचण अशी की दैनिकातला लेखकही त्याच शब्दाखाली लिहितो, त्यामुळे वाचक त्याच्याकडेही निकालच मागतो. पास की नापास? जायचं की नाही? राष्ट्रीय पुरस्कारांत १९८४ सालापासून सर्वोत्कृष्ट चित्रपट समीक्षकाचा सन्मान आहे. मराठीत आपण त्याला समीक्षकच म्हणतो, परीक्षक म्हणत नाही. दोन कामं वेगळी आहेत हे भाषेला ठाऊक आहे, वृत्तपत्रांच्या पानरचनेला ते ठाऊक नाही.

चौथा शब्द रसग्रहण. फिल्म सोसायट्या, म्हणजे सभासदांना निवडक चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा घडवणारी मंडळं. त्यांच्या चळवळीने तो चित्रपटाकडे आणला. देशातल्या सोसायट्यांचा महासंघ १९५९ सालचा, पुण्यातली चित्रपट शिक्षणसंस्था १९६० सालची, चित्रपट संग्रहालय १९६४ सालचं. संग्रहातल्या प्रिंट्स आणि शिकवणारी माणसं एकाच शहरात असल्यामुळे पुण्यात उन्हाळ्यातले अभ्यासक्रम उभे राहिले आणि त्यांच्या धर्तीवर गावोगावी रसास्वाद शिबिरं भरली. आज मराठीत चित्रपटावर नीट लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी डोळा तिथे कमावला. एकच प्रसंग चार वेळा दाखवायचा, एकदा आवाज बंद करून, एकदा फक्त कट मोजत, ही शिस्त तिथली. पण नावाने घात केला. रसग्रहण म्हटलं की मराठी माणसाला दहावीची प्रश्नपत्रिका आठवते : कवितेचं रसग्रहण करा, आशयसौंदर्य लिहा, काव्यसौंदर्य लिहा. कविता फसली आहे असं लिहायची सोय त्या प्रश्नात नसते. त्यामुळे रसग्रहण म्हणजे कौतुक हा समज पक्का झाला, आणि परीक्षण निकाल देणारं व रसग्रहण गोडवे गाणारं अशी विभागणी होऊन बसली. मधली जागा समीक्षेची होती. ती रिकामी राहिली, कारण साहित्याच्या समीक्षकांनी चित्रपटाला बराच काळ ओसरीवरच बसवलं आणि दैनिकांकडे तेवढी जागा नव्हती.

त्या रिकाम्या जागेने काय नुकसान होतं, ते एका शब्दावरून दिसतं. तो शब्द ‘संथ’. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला आणि एप्रिल २०१५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झालेला, एका शाहिरावरच्या खटल्याचा ‘कोर्ट’ घ्या. तो पाहून संथ म्हणणं चूक नाही, पण तिथे थांबणं चूक आहे. या चित्रपटात कॅमेरा बहुतेक वेळ तिवईवर स्थिर आहे, लांबून अख्खी खोली दाखवणारा. मुख्य पात्राचं बोलणं संपलं तरी कट होत नाही. शेजारच्या खटल्याचा पुकारा होतो, बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचं प्रकरण ऐकून घेतलं जात नाही, आणि हे सगळं त्याच चौकटीत, त्याच अंतरावरून दिसतं. शाहिराच्या खटल्याला वेगळं महत्त्व न देणारी ती चौकट म्हणजे त्या व्यवस्थेचीच नजर. शेवटाकडे सुट्टी लागते, कर्मचारी एकेक दिवा मालवतात, दार बंद होतं, पडदा काळा होतो. चित्रपट संपला असं वाटतं आणि तेव्हाच तो न्यायाधीशांच्या सहलीला जातो. बाकावर डुलक्या घेणारे न्यायाधीश दचकून उठतात, एका मुलाला चपराक देतात आणि पुन्हा झोपतात. तो काळा पडदा नसता तर सहल हे नुसतं शेपूट ठरलं असतं. त्या अंधारामुळे कळतं की न्यायालय बंद झालं तरी निवाडे देणारा माणूस तोच असतो. हे सांगायला अडीचशे शब्द लागतात आणि शेवट उघड करावा लागतो. शुक्रवारच्या परीक्षणाला या दोन्ही गोष्टींची मुभा नाही, म्हणून तिथे ‘संथ, पण विचार करायला लावणारा’ एवढंच छापून येतं.

तारे या गुंत्यात उशिरा आले. चित्रपटाला तारे देण्याची रीत १९२८ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात सुरू झाली, तीही शून्य ते तीन अशी. आपल्याकडे ती पाचांची झाली आणि परीक्षण या शब्दात आधीच लपलेले गुण उघडपणे पानावर आले. ताऱ्यांचं गणित ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना अडीचचं मोल माहीत असतं. तीनला पोस्टरवर जागा मिळते, अडीचला मिळत नाही. दोन दिले की वितरक फोन करतो, अडीच दिले की कुणी करत नाही. त्यामुळे मधल्या दर्जाच्या चित्रपटांची रांग अडीच आणि तीनच्या मध्ये लागते आणि ताऱ्यांतून कळायला हवा तो फरकच पुसला जातो. शिवाय वाचक आधी तारे पाहतो. तिथे तीन दिसले की खालचा मजकूर त्या तीनचं स्पष्टीकरण म्हणूनच वाचला जातो. ताऱ्यांनी समीक्षेचं जेवढं नुकसान केलं तेवढं मोबाइलने केलेलं नाही.

आता वेळेचं. रिळांच्या काळात मोजक्या प्रिंट्स निघत. मुंबई-पुण्यात लागलेला चित्रपट तालुक्याच्या थिएटरात पोचायला आठवडे, कधी महिने लागत. रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण चित्रपटाच्या आधी गावात पोचायचं आणि चित्रपट येईपर्यंत त्यावर बोलणं व्हायचं. डिजिटल प्रक्षेपण आलं आणि सगळीकडे एकाच शुक्रवारी प्रदर्शन होऊ लागलं. त्यात २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला. तो मिटताना ठरलेला निर्मात्या-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० असा उतरता होता. म्हणजे पहिल्या आठवड्यात आलेला प्रेक्षक निर्मात्याला जास्त पैसे देतो. मराठी चित्रपटाची गत याहून कठीण. शुक्रवार ते रविवार खुर्च्या भरल्या नाहीत तर पुढच्या आठवड्यात खेळ कमी होतात, किंवा उरतात ते सकाळी साडेनऊचे. अशा बाजारात रविवारी आलेलं परीक्षण उशिराचं ठरतं.

म्हणून ते शुक्रवारी सकाळी, कधी गुरुवारी रात्रीच हवं असतं. प्रेस शो बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी होतो. सभागृहात कलाकार आणि त्यांची मित्रमंडळी हजर असतात, प्रत्येक विनोदाला टाळ्या पडतात आणि मध्यंतरात ‘कसा वाटतोय?’ हा प्रश्न कॅमेऱ्यासमोर येतो. मजकूर दोन-तीन तासांत द्यायचा असतो. दुसऱ्यांदा पाहण्याचा प्रश्नच येत नाही, एखादा शॉट पडताळून पाहायची सोयही नसते, म्हणून पात्रांची नावं आणि घटनाक्रम प्रसिद्धीपत्रकातून उचलले जातात. जागा कमी पडली की उपसंपादक शेवटून कापतो आणि शेवटी असते ती ‘तांत्रिक बाजू’. ‘मध्यंतरानंतर पकड सुटते’, ‘उत्तरार्ध रेंगाळतो’, ‘एकदा पाहायला हरकत नाही’ ही वाक्यं आळसातून आलेली नाहीत. एकदा पाहून दोन तासांत लिहिणाऱ्या माणसाला खात्रीने म्हणता येईल असं तेवढंच असतं.

पैशाने घुसखोरी केली ती वेगळ्या दाराने. २००३ साली एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाने शहरी पुरवण्यांतली जागा मजकुराच्या रूपात विकायला सुरुवात केली आणि मनोरंजनाचं पान त्यात पहिल्यांदा गेलं. परीक्षण सहसा विकलं गेलं नाही. त्याच्याभोवतीच्या मुलाखती, सेटवरच्या भेटी आणि ‘पडद्यामागे’ यांनी त्याला वेढलं. त्याच पानावर, त्याच टंकात. समाजमाध्यमांवर हे आणखी सोपं झालं. जून २०२२ मधली ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं आणि जानेवारी २०२३ मधला त्यांचा सोपा खुलासा सांगतो की मोबदला रोख असो, फुकट वस्तू असो की प्रवास आणि हॉटेल, तो प्रेक्षकाला दिसेल असा जाहीर करायला हवा. थिएटरच्या दाराशी घेतलेल्या ‘पब्लिक रिव्ह्यू’त बोलणारा प्रेक्षक कुणी आणून उभा केला, हे जाहीर करणारा व्हिडिओ सापडणं कठीण.

टक्केवारीबद्दलही एक गैरसमज आहे. समीक्षा गोळा करून आकडा देणारी प्रसिद्ध परदेशी संकेतस्थळं सगळी एकाच पद्धतीने मोजत नाहीत. एकात आकडा म्हणजे अनुकूल समीक्षांचं प्रमाण, गुणांची सरासरी नव्हे. दहा जणांनी पाचपैकी प्रत्येकी तीन दिले आणि ते अनुकूल धरले, तर १०० टक्के दिसतात. सहा जणांनी डोक्यावर घेतलं आणि चौघांनी आपटलं तर ६०. वादळ उठवणारा चित्रपट गुळगुळीत चित्रपटापेक्षा खाली दिसतो तो असा.

गेल्या काही वर्षांत पहिल्या दिवसांतल्या परीक्षणांचा वाद न्यायालयात पोचला. २०२३ साली एका मल्याळी दिग्दर्शकाने केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाला मदत करणाऱ्या वकिलाने २०२४ साली अहवालात सुचवलं की व्हिडिओ समीक्षकांनी प्रदर्शनानंतर ४८ तास थांबावं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तमिळ निर्मात्यांच्या एका संघटनेने मद्रास उच्च न्यायालयाकडे पहिले तीन दिवस परीक्षणांवर बंदी मागितली. तातडीची बंदी घालायला न्यायालयाने नकार दिला. निर्मात्यांची एक तक्रार खरी आहे : ठरवून, खोट्या खात्यांवरून चित्रपट पाडला जातो. पण ती तक्रार खंडणीची किंवा बदनामीची आहे आणि तिच्यासाठी कायदे आधीच आहेत. ४८ तासांच्या मागणीने खंडणीखोर आणि समीक्षक एकाच रांगेत उभे केले. थांबायला सांगणाऱ्यांपैकी कुणीही पोस्टरवरचे तारे, गुरुवारी रात्रीच्या स्तुतीच्या पोस्ट आणि दारावरचे व्हिडिओ तेवढेच तास थांबवायची तयारी दाखवलेली नाही.

दरम्यान मधली रिकामी जागा थोडी भरते आहे, आणि ती वृत्तपत्रांबाहेर. ओटीटीवर चित्रपट थांबवून, मागे नेऊन पाहता येतो, त्यामुळे प्रसंगनिहाय बोलणारे तास-दीड तासाचे मराठी ध्वनिमुद्रित कार्यक्रम आणि चित्रपट येऊन महिना-दोन महिने झाल्यावर लिहिलेले तीन-चार हजार शब्दांचे लेख दिसू लागले आहेत. शेवट उघड करायची भीती त्यांना नाही, ताऱ्यांची सक्ती नाही, आणि ‘संथ’ लिहिल्यावर का संथ, हे लिहायला पान उरतं. मानधन बहुतेकांना मिळत नाही. दिवाळी अंकांत अशा लेखनाला वर्षातून एकदा हक्काची जागा असते. त्या लेखांची मागणी जुलै-ऑगस्टमध्ये येते, मजकूर सप्टेंबरपर्यंत द्यायचा असतो, म्हणजे लेखकाला चित्रपट दोन-तीनदा पाहायला पुरेसे आठवडे मिळतात.