डीपफेक आणि तोतया पोलीस : गोव्यातील फसवणूक व बचाव

संगणकाने बनवलेला चेहरा किंवा आवाज वापरून पोलीस, सीबीआय, ईडी किंवा न्यायाधीश असल्याचे भासवायचे आणि व्हिडिओ कॉलवर माणसाला धाकात ठेवून पैसे उकळायचे, असा हा गुन्हा आहे. भारतात तो ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने ओळखला जातो. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. बचावासाठी सगळ्यात आधी माहीत असायला हवे ते हेच.

तोतयेगिरी मराठी मुलखाला नवी नाही. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने वावरणाऱ्या तोतयाने पेशवाईला काही वर्षे घोर लावला होता; १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. त्याला मुळात भाऊंसारखे दिसणे भाग होते. आता साम्य हवे तसे तयार करता येते. त्यामागची ‘जनरेटिव्ह अ‍ॅडव्हर्सरियल नेटवर्क’ ही पद्धत (नक्कल करणारी आणि ती पकडणारी अशा दोन संगणकीय प्रणालींची चढाओढ) २०१४ मध्ये मांडली गेली आणि अशा बनावट चेहऱ्या-आवाजांना ‘डीपफेक’ हे नाव २०१७ मध्ये रूढ झाले. चालू कॉलमध्येच बोलणाऱ्याच्या तोंडावर दुसऱ्याचा चेहरा चढवणारी सॉफ्टवेअर आज सहज मिळतात. आवाजाची नक्कल करायला काही सेकंदांचे रेकॉर्डिंग पुरते. पोलीस अधिकाऱ्यांच्या पत्रकार परिषदा आणि मुलाखती यूट्यूबवर असल्याने चेहरा व आवाज दोन्हींचा नमुना भामट्यांना आयताच मिळतो.

२०२३ मध्ये गाझियाबादच्या एका वृद्ध गृहस्थांना निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या बनावट चेहऱ्याने धमकावून लुबाडण्यात आले. त्याच वर्षी केरळमधील कोळिकोड येथे जुन्या सहकाऱ्याचा चेहरा दाखवून एका निवृत्त कर्मचाऱ्याकडून ४० हजार रुपये घेतले गेले. हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीनंतर सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतली बाकीची माणसे बनावट होती, हे २०२४ मध्ये उघड झाले. मात्र बहुतेक ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये एवढ्या तंत्राचीही गरज पडत नाही. अंगात खाकी वर्दी, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा आणि हातात शिक्का मारलेला खोटा वॉरंट, एवढ्यावर काम भागते. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातील एका नामांकित उद्योगपतीसमोर तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीच उभी केली गेली आणि त्यांचे ७ कोटी रुपये गेले.

सुरुवात बहुधा साध्या फोनने होते. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमचा गैरवापर झाला आहे, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, किंवा तुमचा मुलगा एका प्रकरणात पकडला गेला आहे, असे सांगितले जाते. मग फोन ‘मुंबई क्राइम ब्रँच’कडे जोडला जातो आणि पुढचे सगळे बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही, घरच्यांना सांगितले तर त्यांनाही अटक होईल, अशी तंबी मिळते. शेवटी ‘पडताळणीसाठी’ सगळी रक्कम एका ‘सरकारी’ खात्यात भरायला लावतात; निर्दोष ठरलात की परत मिळेल म्हणतात. या साऱ्या नाटकात निर्णायक हत्यार एकांत हे आहे. माणूस दुसऱ्या कुणाशी बोलला की डाव मोडतो, म्हणून त्याला बोलूच देत नाहीत. जानेवारी ते एप्रिल २०२४ या चार महिन्यांत देशभरातील लोकांनी या प्रकारात १२० कोटी ३० लाख रुपये गमावल्याचे केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने सांगितले. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या विषयावर सविस्तर इशारा दिला.

समोरचा चेहरा खरा की खोटा हे ओळखत बसणे हा कच्चा बचाव आहे. चेहऱ्यापुढून हात फिरवायला सांगा, मान पूर्ण बाजूला वळवायला सांगा, केसांच्या कडा आणि ओठांची हालचाल पाहा, असे उपाय सुचवले जातात. आज ते कधीकधी उपयोगी पडतात, पण तंत्र सुधारेल तशा या खुणा पुसल्या जाणार. शिवाय त्यांचा भर मुळातच चुकीच्या जागी आहे. कॉलवर अगदी खरा अधिकारी बसला असला, तरी त्यालाही व्हिडिओवरून अटक करण्याचा किंवा पैसे मागण्याचा अधिकार नाही. म्हणून चेहरा सोडून कार्यपद्धती तपासावी.

ती कार्यपद्धती १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. कलम ४३ नुसार अटक म्हणजे शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करणे किंवा ते अडवून ठेवणे. व्यक्ती शब्दाने वा कृतीने स्वाधीन झाली तरच त्याची गरज नसते. कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे आणि अटकेचा पंचनामा घरच्या माणसाच्या किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीच्या साक्षीने झाला पाहिजे. अटकेची खबर नातेवाइकाला देणे कलम ४८ नुसार बंधनकारक आहे. म्हणजे ‘घरी कुणाला सांगू नका’ हे वाक्यच कायद्याच्या उलट आहे. २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. कलम १७९ तर ज्येष्ठांनी आवर्जून ध्यानात ठेवावे : साठ वर्षांवरील पुरुषाला किंवा कोणत्याही स्त्रीला साक्षीदार म्हणून जबाब देण्यासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. कलम ३५ खालील हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. न्यायालयांच्या ऑनलाइन सुनावण्या खऱ्या असतात, आणि भामटे नेमका त्याचाच फायदा घेतात. पण कोणतेही न्यायालय सुनावणीत एखाद्या खात्यात ठेवी वळवायला सांगत नाही.

गोव्यात या जाळ्याला पोषक परिस्थिती आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा असो की सासष्टी, घराघरांतली मुले आखातात, इंग्लंडमध्ये किंवा जहाजावर असतात आणि मोठ्या घरात आई-वडील दोघेच राहतात. आयुष्यभराची पुंजी बँकेच्या मुदत ठेवीत असते. तारवटी म्हणजे जहाजावर काम करणाऱ्या मुलाशी काही दिवस संपर्क होत नाही, तेव्हा ‘तुमचा मुलगा कस्टम्सने पकडला आहे’ ही थाप आणि पाठोपाठ ऐकू येणारे त्याच्या आवाजातले रडणे खरे वाटले, तर आईला दोष देता येणार नाही. अमली पदार्थांच्या कारवाया इथल्या वर्तमानपत्रांत नेहमी वाचायला मिळत असल्याने पार्सलची धमकीही लवकर लागू पडते. फोन हिंदी किंवा इंग्रजीतून आला म्हणजे खोटा, असा आडाखा काहीजण बांधतात. तो धोक्याचा आहे, कारण नक्कल केलेला आवाज कोकणी-मराठीतही बोलू शकतो.

घरातल्या सगळ्यांनी मिळून आधीच एक खुणेचा शब्द ठरवावा. संकटाचा फोन आल्यास तो विचारावा आणि मुलाला त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण उलट फोन लावावा. पोलिसांचा फोन आला तर एवढेच म्हणावे : ‘तुमचं नाव आणि पोलीस स्टेशन सांगा, मी स्वतः तिथं येतो.’ मग फोन ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करावी किंवा ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा. शेजाऱ्याला, वॉर्डातल्या पंचाला हाक मारावी. फोन कापणे हा गुन्हा नाही. दोन्ही पालकांच्या मनात ही गोष्ट मुलांनी सुट्टीवर आल्यावर शांतपणे, पुन्हा पुन्हा बिंबवावी.

पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेलाही कळवावे. भामटे रक्कम काही मिनिटांत अनेक खात्यांत फिरवतात. ती वाटेत गोठवता आली तरच हाती लागते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा गोवा पोलिसांच्या रायबंदर येथील सायबर क्राइम पोलीस ठाण्यात करता येते. स्क्रीनशॉट, क्रमांक, व्यवहारांचे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराला बँकेकडून मिळणारे ओळख क्रमांक) पुसू नयेत. रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे भरपाईचे नियम ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहेत. इथे ग्राहक स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो, त्यामुळे त्या नियमांचा आधार मिळणे कठीण जाते. फसलेल्या माणसाला घरच्यांनी बोल लावू नयेत; शरमेने तक्रार लांबते आणि तेवढ्या वेळात पैसे देशाबाहेर जातात.

लोकसेवकाची तोतयेगिरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली तोतयेगिरीच्या फसवणुकीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. थोड्या कमिशनसाठी आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला देणारे तरुणही याच साखळीत अडकतात, कारण लुटीचा पैसा पहिल्यांदा उतरतो तो अशाच खात्यात आणि पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते त्याच खातेदाराच्या दारात.